कुमाईची नदी आणि अब्बांची फाईल

बोर्निओ हे नाव शाळेच्या नकाशात सापडण्याआधीच माझ्या कानावर आलं होतं. अब्बा मालवाहू जहाजावर होते. आमच्या खाडीकाठच्या गावात तेव्हा एका घराआड एक माणूस जहाजावर असे. १९७८ साली अब्बांचं जहाज बोर्निओच्या दक्षिण किनाऱ्यावर लाकूड भरायला गेलं. धक्का नव्हता. जहाज नदीच्या तोंडाबाहेर नांगर टाकून उभं राहिलं आणि आतल्या जंगलातले ओंडके तराफ्यासारखे एकत्र बांधून, छोट्या बोटींनी ओढत जहाजाच्या कुशीशी आणले जायचे. अब्बा आणि त्यांचे साथी ते एकेक करून वर चढवायचे. सतरा दिवस हेच काम. खाली उतरायची परवानगी नव्हती. "ओंडके हजारो मोजले, पण झाड एकही बघितलं नाही," हे वाक्य आम्ही भावंडं लहानपणापासून ऐकत आलो.

दोन वर्षांपूर्वी अब्बांच्या हृदयात दोन स्टेंट बसले. घरी आल्यावर महिनाभर ते फारसे बोलत नव्हते. मग एका संध्याकाळी चहा पिताना म्हणाले, "बाय, त्या नदीत आत जाता येतं का गं आता?"

नेमकी कोणती नदी हे त्यांना आठवत नव्हतं. कुमाईच्या बाजूची असावी, एवढंच. म्हणून या महिन्याचा लेख कुमाईवर आहे. त्यातली निम्मी माहिती नकाशा-तिकिटांची असली, तरी निम्मी अब्बांच्या डॉक्टरी फाईलची आहे, हे आधीच सांगून ठेवते. घरात वडीलधारं माणूस असेल आणि दूरच्या प्रवासाचा विषय निघाला की आपण "आता या वयात कुठे" म्हणून तो मिटवतो. मीही आधी तेच म्हटलं होतं.

कुमाई हे इंडोनेशियाच्या मध्य कालिमंतान प्रांतातलं छोटं बंदर. बोर्निओ बेटाचा इंडोनेशियाकडचा भाग म्हणजे कालिमंतान. कुमाईसमोर रुंद खाडी आहे आणि खाडीपलीकडे सकोन्येर नदीचं तोंड. त्या नदीच्या एका काठाला तांजुंग पुतिंग राष्ट्रीय उद्यान लागतं. क्षेत्रफळ चार हजार चौरस किलोमीटरच्या वर. आत रस्ता नाही. जायचं ते नदीनंच, 'क्लोतोक' नावाच्या लाकडी बोटीतून. बोटीच्या इंजिनाचा आवाज तसा येतो म्हणून तिचं नाव तसं. खालच्या मजल्यावर स्वयंपाकघर आणि कामकरी माणसं, वरच्या उघड्या मजल्यावर प्रवासी. दिवसा तिथंच टेबल-खुर्ची, रात्री तिथंच गाद्या टाकून मच्छरदाण्या. कप्तान, त्याचा मदतनीस, स्वयंपाकीण आणि वाटाड्या, एवढ्या माणसांचं ते तरंगतं घर. दोन रात्री, तीन दिवस हा तिथला रूढ बेत. लोक जातात ते मुख्यतः ओरांगउटान बघायला. मलय भाषेत 'ओरांग' म्हणजे माणूस आणि 'हुतान' म्हणजे जंगल.

उमऱ्याला जाताना आपण पासपोर्ट टूरवाल्याच्या हातात देतो आणि थेट मक्केत हॉटेलच्या खोलीत बॅग उघडतो. इथे तसं नाही. मुंबई ते जकार्ता हा एक भाग, जकार्ता ते पांगकालान बुन हा दुसरा, आणि तिथून मोटारीनं कुमाई हा तिसरा. मुंबईहून जकार्ताला थेट विमान मिळालं तर फार बरं. नाही मिळालं तर सिंगापूर किंवा क्वालालंपूरला बदलावं लागतं. जकार्ताहून पांगकालान बुन हे सव्वा तासाचं उड्डाण. विमानतळापासून कुमाई वीस-पंचवीस मिनिटांवर. जावा बेटावरून, म्हणजे सेमारंग आणि सुराबायाहून, कुमाईला प्रवासी जहाजंही येतात. अब्बांनी साहजिकच तोच मार्ग धरायचा आग्रह केला. पण पूर्ण रात्र आणि वर बराच दिवस लागणारा तो प्रवास, आणि तिथे डॉक्टर कोण असेल याचा पत्ता नाही. त्यांचा आग्रह मी मोडला. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

व्हिसाचं काम सोपं आहे. भारतीय पासपोर्टवर इंडोनेशियात पोचल्यावर तीस दिवसांचा व्हिसा मिळतो, फी पाच लाख रुपिया. आकडा ऐकून दचकू नका, आपल्या एका रुपयाला तिथले दोनशेच्या आतबाहेर रुपिया येतात. हाच व्हिसा आधी ऑनलाइनही काढता येतो आणि वयस्कर माणूस बरोबर असेल तर तसाच काढा, विमानतळावरची एक रांग वाचते. मात्र तो इंडोनेशिया सरकारच्या संकेतस्थळावरूनच काढायचा. शोधायला गेलं की आधी तसल्याच नावांची दलालांची पानं समोर येतात आणि दुप्पट पैसे घेतात. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. अब्बांचा पासपोर्ट चार महिन्यांत संपणार होता, हे आम्हाला तिकीट काढण्याच्या आदल्या दिवशी कळलं. तिकीट आधी काढलं असतं तर काय झालं असतं याचा विचार नको.

जकार्ताच्या पुढचं तिकीट वेगळं घेतलेलं असलं तर मध्ये एक अख्खा दिवस मोकळा ठेवा. ही बाब मी ठासून सांगते. आमचं पांगकालान बुनचं विमान पावसामुळे सुटलंच नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी गेलं. आम्ही एक रात्र जास्तीची धरली होती म्हणून कुमाईत बोट वेळेवर मिळाली. त्याच विमानातलं एक जोडपं थेट विमानतळावरून बोटीवर चढायच्या बेतानं आलं होतं. त्यांची तीन दिवसांची सफर दोन दिवसांची झाली आणि पैसे मात्र तीन दिवसांचे गेले. परतीच्या बाजूलाही तसाच एक दिवस हवा.

महिना कोणता निवडायचा हा सगळ्यात अवघड प्रश्न. जून ते सप्टेंबर तिथे पाऊस कमी, म्हणून युरोपातले पर्यटक तेव्हाच लोटतात. पण ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत, कोरड्या वर्षी, दलदलीच्या जमिनीला आगी लागतात. तिथली जमीन म्हणजे हजारो वर्षं साठलेला अर्धवट कुजलेला पालापाचोळा. वाळली की आतून धुमसते, आणि वरून पाणी मारलं तरी विझत नाही. १९९७ साली आणि पुन्हा २०१५ साली या धुरानं कालिमंतानचं आभाळ आठवडेच्या आठवडे झाकून टाकलं, विमानं उतरेनात, माणसं दम्यानं बेजार झाली. हृदयाच्या रुग्णाला धूर म्हणजे काय ते सांगायला नको. म्हणून आमच्या दिवाळीच्या सुट्टीचा बेत मी स्वतःच रद्द केला. पावसाळ्यात नद्या भरलेल्या आणि गर्दी कमी असते, पण जंगलात फळं भरपूर असली की ओरांगउटान खाऊ घालायच्या जागी फिरकतच नाहीत. उरला मे-जून. त्यात बकरीदला घरी असायचं होतं. शिवाय तिथला देश आपल्यासारखाच सणाला गावी जाणारा. रमजान ईदच्या आठवड्यात तर अर्धा इंडोनेशिया रस्त्यावर असतो, तिकीट मिळत नाही आणि मिळालं तरी बोटीवरची माणसं आपापल्या घरी. त्यामुळे मेचा तिसरा आठवडा ठरला. मुलाची शाळा उघडायच्या आत परत.

आता बोट. इथेच खरी गोष्ट घडली.

क्लोतोक चालवणाऱ्या दोघांना मी पत्र लिहिलं. दोघांना तेच प्रश्न विचारले. दरात काय काय धरलंय : बोट, इंधन, वाटाड्या, जेवण, उद्यानाचं तिकीट, बोटीचा परवाना, विमानतळावरून नेणं-आणणं? परदेशी माणसाला उद्यानाचं तिकीट तिथल्या लोकांपेक्षा बरंच महाग असतं आणि ते दिवसाचं मोजतात, म्हणून हे आधीच लेखी घ्यावं लागतं. बोटीवर इतर प्रवासी असतील की बोट फक्त आमची? संडास कसा आहे, खाली बसायचा की कमोड? अब्बांचे गुडघे फार वाकत नाहीत. जिना किती उभा आहे, फोटो पाठवा. आणि शेवटचा प्रश्न, जो मी तीन वेळा लिहून तीन वेळा खोडला होता : रात्री आम्ही आत जंगलात असताना वडिलांच्या छातीत दुखू लागलं, तर ते किती वेळात डॉक्टरसमोर असतील?

पहिल्याकडून तासाभरात उत्तर आलं. काही काळजी करू नका, सगळी सोय आहे, आजवर कधी काही झालेलं नाही, आजच आगाऊ रक्कम भरली तर सूट. दुसऱ्याचं उत्तर दोन दिवसांनी आलं, लांबलचक, मोडक्या इंग्रजीत. त्यात लिहिलं होतं की वरच्या टोकाला, कॅम्प लीकीपाशी, क्लोतोकनं कुमाई चार ते पाच तासांवर आहे. स्पीडबोट दिवसा दीड तासात येऊ शकते, पण रात्री येणार नाही, कारण नदीत तरंगती लाकडं असतात आणि अंधारात चालवणं म्हणजे दुसरा अपघात. वर मोबाईल लागत नाही. पांगकालान बुनला मोठं सरकारी रुग्णालय आहे, मात्र हृदयाची शस्त्रक्रिया वगैरेसाठी लोक जकार्ताला किंवा सुराबायाला जातात. "तुमच्या वडिलांना आणावं की नाही हे मी सांगू शकत नाही," असा त्याचा शेवट होता.

मी ते पत्र छापून हृदयरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेले. हसतील असं वाटलं होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "याच माणसाची बोट घ्या." मग तासभर आम्ही तिघं, म्हणजे ते, मी आणि अब्बा, त्या बेताची कापाकापी करत बसलो. स्टेंट बसून पुरेसे महिने झाले होते, चालण्याची चाचणी ठीक होती, विमानाला हरकत नव्हती. अडचण रात्रींची होती. तेव्हा ठरलं असं की दोन्ही रात्री बोट खालच्या बाजूला, तांजुंग हारापान गावाजवळ बांधायची. तिथे मोबाईलची खूण अधूनमधून येते आणि कुमाई जवळ आहे. मधल्या दिवशी पहाटे निघून कॅम्प लीकीला जायचं, आणि दिवस मावळायच्या बेतानं खाली यायचं. इंधन जास्त लागणार होतं, ते आम्ही भरलं. बहुतेक लोक वर मुक्काम करतात कारण तिथली रात्र जास्त सुंदर असते. ती आम्ही सोडली. अब्बांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "जहाजावरही रात्री नांगर कुठे टाकायचा ते बघूनच टाकतात."

डासांबाबत डॉक्टर माझ्यापेक्षा कडक निघाले. अब्बा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतात, त्यात अ‍ॅस्पिरीन आहे. डेंग्यूच्या तापात अ‍ॅस्पिरीननं रक्तस्रावाचा धोका वाढतो. तेव्हा पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, दिवसभर डास पळवणारं मलम आणि परत आल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर अंगावर न काढता लगेच तपासणी. मलेरियाची प्रतिबंधक गोळी कोणती चालेल हे त्यांनी अब्बांच्या बाकीच्या औषधांशी ताडून लिहून दिलं. ते गोळीचं नाव मी इथे मुद्दाम देत नाही. प्रत्येकाची फाईल वेगळी असते. औषधं दुप्पट घेतली आणि दोन वेगळ्या बॅगांत ठेवली, दोन्ही हातातल्या. चिठ्ठीवर कंपनीचं नाव नव्हे, औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, तरच परदेशी औषधवाल्याला कळतं.

विम्याबद्दल एकच. सत्तरीपुढे प्रवासविमा महाग होतो आणि आधीपासूनचा आजार त्यात धरलेला असतोच असं नाही. आमच्या एजंटानं फोनवर "सगळं येतं" म्हटलं होतं. कागद वाचल्यावर कळलं की हृदयाचं काहीच येत नव्हतं. दुसरा घेतला, जीवाला धोका असेल तेव्हाचा खर्च आणि दुसऱ्या शहरात हलवण्याचा खर्च धरणारा. पैसे जास्त गेले.

जेवणाची काळजी मात्र करू नका. कुमाई मुस्लिम वस्तीचं गाव आहे. मलय, बांजार, जावानीज, बुगिस असे सगळे लोक तिथे व्यापार-मासेमारीसाठी येऊन वसले. आमच्या बोटीवरची चारही माणसं नमाजी होती. भात, तळलेला मासा, तेंपे, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेली वडी, आणि बरोबर ठेचलेल्या मिरचीचा सांबाल. कोकणातल्या माणसाला भात, मासा आणि तिखट मिळालं की त्याचं परदेशही सासुरवाडी होतं. नारळाचं दूध आणि मिठाचं प्रमाण तेवढं आधी सांगून ठेवलं होतं. डाळ-भाजी लागणाऱ्यांनी तसं कळवावं, करून देतात. जंगलाच्या आतल्या भागात दायाक लोकांची वस्ती आहे, त्यांच्यात अनेकजण ख्रिस्ती किंवा आपल्या जुन्या धर्माचे. तिकडे कुठे जेवायचा प्रसंग आला तर मोकळेपणानं विचारावं, कुणी वाईट मानत नाही.

आणखी एक गंमत. इंडोनेशियाचे बहुतेक मुसलमान शाफई आहेत, आपल्या कोकणासारखेच. अब्बांनी कप्तानामागे नमाज पढली तेव्हा दोघांचे हात, बसणं, सगळं जुळलं आणि अब्बांना ते फार आवडलं. वेळांची सवय करावी लागते. घड्याळ आपल्यापुढे दीड तास, पण सूर्य वर्षभर जवळपास एकाच वेळी मावळतो. मगरिब साडेपाचच्या आसपास होते आणि जोहरची वेळ बाराच्या आतच लागते. विषुववृत्त जवळ असल्यानं उन्हाळा-हिवाळा असा फरक नाही. किब्ला पश्चिमेपासून थोडा उत्तरेकडे. पण नदी इतकी वळणं घेते की चालत्या बोटीत नियत बांधेपर्यंत पश्चिम पाठीमागे गेलेली असते. कप्तान नमाजेपुरती बोट काठच्या झाडाला टेकवून ठेवत असे. वजूचं पाणी नदीचं. खालच्या भागात ते गढूळ, वर सोनं धुण्याच्या खाणकामानं मुख्य प्रवाह खराब झालेला. कॅम्प लीकीकडच्या उपनदीत वळलं की पाणी अचानक काळं होतं, कोऱ्या चहासारखं, आणि इतकं स्थिर की झाडं उलटी दिसतात. पानांच्या अर्कानं येतो तो रंग. माझा मुलगा वजूला कचरला. अब्बा म्हणाले, "पानं पडून रंग आला म्हणून पाणी नापाक होत नाही रे. आपल्या विहिरीत काय पडत नाही?"

भाषेचं कसं, असं एका ताईंनी विचारलं होतं. वाटाड्याला इंग्रजी येतं, बाकीच्यांना नाही. पण तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त शब्द तुम्हाला आधीच येतात. साबणाला ते 'साबुन' म्हणतात, खुर्चीला 'कुर्सी', वेळेला 'वक्तू', जगाला 'दुनिया', भाषेला 'बहासा'. भेटल्यावर 'आपा कबार', म्हणजे काय खबर. आणि वडीलधाऱ्या पुरुषाला 'बापाक', थोडक्यात 'पाक'. दुसऱ्या दिवसापासून बोटीवर अब्बांना सगळे 'पाक' म्हणायला लागले.

ओरांगउटान दिसले का, हा तुमचा प्रश्न मला माहीत आहे. दिसले. १९७१ साली बिरुते गाल्डिकास नावाची तरुण बाई या जंगलात आली आणि तिनं नवऱ्याबरोबर कॅम्प लीकी उभारला. लुई लीकी हे तिचे मार्गदर्शक, त्यांचंच नाव छावणीला दिलं. जेन गुडाल चिंपांझींकडे आणि डायन फॉसी गोरिलांकडे त्यांच्याच प्रोत्साहनानं गेल्या होत्या. माणसांनी पाळलेली ओरांगउटानची अनाथ पिल्लं इथे पुन्हा जंगलाला सरावत. त्यांच्यासाठी आजही तीन ठिकाणी ठरलेल्या वेळी लाकडी मचाणावर फळं ठेवतात. साधारण दुपारी तीनला तांजुंग हारापान, सकाळी नऊला पोंडोक तांगुई, दुपारी दोनला कॅम्प लीकी. धक्क्यापासून मचाणापर्यंत चालावं लागतं, कुठे दहा-पंधरा मिनिटं, कुठे अर्धा तास, वाट ओली आणि मुळांची. पोंडोक तांगुईला अब्बा उतरले नाहीत, बोटीवरच थांबले. हेही आधीच ठरलं होतं.

आपली सर्दी-खोकला ओरांगउटानला लागतो आणि त्यात तो मरू शकतो, म्हणून कुणाला सर्दी असेल तर त्यानं उतरायचं नाही. आमच्या मुलाला तिसऱ्या दिवशी शिंका सुरू झाल्या आणि तो रडवेला होऊन बोटीवर बसला. बसवलं मी. ओरांगउटानची मादी सात-आठ वर्षांतून एकदा वितं आणि तेवढी वर्षं पोर तिच्याजवळच असतं. अशा प्राण्याचं एक मरण भरून यायला किती काळ लागेल, तुम्हीच हिशेब करा. २०१६ साली बोर्निओच्या ओरांगउटानची नोंद अतिसंकटग्रस्त प्राण्यांत झाली.

नदीकाठी संध्याकाळी लांबनाकी माकडं झाडांवर येऊन बसतात. त्यांना तिथले लोक 'डच माकड' म्हणतात. मोठं नाक, लालसर तोंड, पुढे आलेलं पोट. तीनशे वर्षं राज्य करणाऱ्यांवर एवढा सूड तरी उगवायलाच हवा होता.

कॅम्प लीकीच्या वाटेवर अब्बा हळूहळू चालत होते, वाटाड्या मागे, मी पुढे. एका उंच झाडापाशी ते थांबले. दम लागला असं समजून मी पाण्याची बाटली काढली. ते झाडाला हात लावून उभे होते. वाटाड्याला विचारलं, हे रामिन का? तो चकित झाला. रामिन, मेरांती, ऊलिन, ही नावं अब्बांना येत होती, कारण १९७८ साली ओंडक्यांबरोबर आलेल्या माणसांकडून ती शिकली होती. झाड रामिनचं नव्हतं. दुसरंच काही होतं. वाटाड्या म्हणाला, इथला बराच रामिन चोरतोडीत गेला, मग २००१ साली सरकारनं त्याच्या तोडीवर बंदी आणली. थोडं पुढे गेल्यावर त्यानं एक दाखवला. फार मोठा नव्हता. अब्बांनी मान वर करून शेंड्याकडे पाहिलं, टोपी पडली तरी पाहत राहिले.

त्या रात्री बोट तांजुंग हारापानसमोर बांधलेली होती. गावातून इशाची अजान आली. नमाज झाल्यावर अब्बा आणि कप्तान पुढच्या टोकाला बसले. कप्तान पन्नाशीचा. वाटाड्यानं मध्ये बसून थोडंसं भाषांतर केलं, मग तो झोपायला गेला आणि दोघं तसेच बोलत राहिले, हातांनी, बोटांनी, अधूनमधून 'कायू' हा शब्द. कायू म्हणजे लाकूड. सकाळी मला कळलं की कप्तान लहानपणी बापाबरोबर ओंडक्यांच्या तराफ्यावर बसून नदीतून खाली यायचा. समुद्रात उभ्या जहाजांवरची माणसं त्याला लांबून दिसायची. तराफा जहाजाला टेकला की कधी कधी कुणीतरी वरून बिस्किटांचा पुडा टाकायचं.

"तुम्ही टाकायचात का?" माझ्या मुलानं विचारलं.

अब्बा म्हणाले, "आम्ही टाकायचो. पण टाकणारी जहाजं पुष्कळ होती."

परतताना खाडीच्या तोंडाशी त्यांनी कप्तानाला इंजिन बंद करायला सांगितलं. पाच मिनिटं बोट तशीच हलत राहिली. मी मधल्या वेळात त्यांची दुपारची गोळी काढून हातावर ठेवली, ती त्यांनी पाण्याशिवाय गिळली. मग कुमाईच्या बाजूला बघून विचारलं, त्या खिडक्या नसलेल्या उंच इमारती कसल्या? पाकोळ्यांच्या, वाटाड्या म्हणाला. आत पक्ष्यांचे आवाज लावून ठेवतात, पाकोळ्या येऊन लाळेची घरटी बांधतात आणि ती घरटी चीनकडे सुपासाठी विकली जातात. अब्बांनी मान हलवली आणि कप्तानाला चल म्हणून खूण केली.

ज्या बहिणी-भावांना वडीलधाऱ्यांबरोबर असा बेत करायचा असेल, त्यांनी बोटवाल्याला विचारायचे प्रश्न मागवून घ्यावेत. आम्ही लिहिलेलं मूळ पत्र मी जपून ठेवलं आहे, खोडलेल्या ओळींसकट. पुढच्या अंकात सामानाच्या वजनाबद्दल, कारण त्यावर सगळ्यात जास्त भांडण आमच्या घरात झालं होतं.